बुचाची मूठ

रविवार, ३१ ऑगस्ट

आज हिची काठी पाण्यात गेली.

घाबरून लिहायला बसलो आहे, तेव्हा क्रम चुकण्याचा संभव आहे. नीट लिहितो. सकाळी तलावाच्या बांधावर नव्या मुठीची चाचणी होती. कारखान्यातून गळाची नुसती दांडी येते. तिच्यावर बुचाच्या चकत्या ओवायच्या, चिकटवायच्या आणि लेथवर फिरवून गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाची मूठ काढायची, हा माझा धंदा. मूठ मी करतो, बायको ती पाण्यावर पारखते. मला स्वतःला मासे धरण्यात गती नाही. मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळायचो. ती नोकरी सोडून घराच्या मागच्या खोलीत लेथ टाकलं ते गेल्या वर्षी, आणि तेही हिच्या भरवशावर. ही वडिलांच्या मांडीवर बसून गळ टाकायला शिकलेली. शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टी मिळाली की पाण्याकाठी.

दोनदा गळ छान पडला. पुढच्या वेळी तिनं काठी खांद्यामागून पुढे झोकली आणि गळापाठोपाठ काठीच निघाली. लांब जाऊन पडली, रिळाच्या वजनानं लगेच बुडाली. ही आपल्या उजव्या तळहाताकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हसली.

"लोक गळ टाकतात, मी काठीच टाकली."

"झालं काय पण?"

"तुझी मूठ फिरली, मास्तर. अंगठ्याखाली गर्रकन फिरली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, पण या खेपेला अंगणच वाकडं आहे."

त्याच घडणीच्या मुठी गिऱ्हाइकांकडे गेल्या आहेत. एक बँकवाल्या काकांकडे आहे. निवृत्त झाल्यापासून हे काका सांडव्याखालच्या शेवाळलेल्या दगडांवर उभे राहून मासे धरतात. ऐन ओढीच्या वेळी मूठ फिरली, काकांचा तोल गेला, तर?

सोमवार, १ सप्टेंबर

बुडालेल्या काठीची जुळी मूठ उभी चिरली. गोंद काचेसारखा कडक, चकत्या दांडीला एकजीव. दोष दिसला नाही. दोष दिसत नाही म्हणजे नाही, असं मात्र म्हणता येत नाही. मी चिरली ती वेगळी मूठ आणि फिरली ती तलावाच्या तळाशी.

काकांना फोन केला. म्हणालो, दोन-चार दिवस दगडांवर जाऊ नका.

"का हो? मगर आली की काय?"

"मुठीत दोष असण्याची शक्यता आहे."

"माझी मूठ झकास आहे. तुम्ही भित्यापाठी ब्रह्मराक्षस लावून घेता, मास्तर. जेवा आणि झोपा."

जेवलो. झोप येईलसं वाटत नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

नवी मूठ करायला घेतली. आधी ठसा घ्यायचा. मऊ मेणाची वळी काडीवर थापून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची आणि सांगायचं, मोठा मासा ओढतोय असं समजून आवळा. बोटांचे खड्डे उमटतात, त्यावरून मूठ कुठे जाड, कुठे बारीक ते ठरतं. हिचे ठसे मी प्रत्येक नव्या घडणीच्या वेळी घेतो. सगळे फळीवर ओळीनं मांडलेले आहेत.

आजच्या ठशात अंगठ्याचा खड्डा उथळ आला. वसंतातला ठसा शेजारी धरून पाहिला. तेव्हा अंगठा मेणात रुतला होता, आज नुसता टेकल्यासारखा.

"नीट आवळ ना."

"आवळते आहे! मेण आहे की दगड?"

खरं आहे. हवा थंड आहे आणि मेणाची ही लादीही नवी आहे. मेण गरम पाण्यात ठेवून परत ठसा घेतला. थोडा बरा आला. मेण बदलायला हवं, किंवा मूठच अंगठ्यापाशी जाड करायला हवी, म्हणजे कमी जोरात बसेल. दोन्ही करीन.

संध्याकाळी हिची मोठी बहीण आली होती. ताई आली की घरात आवाज होतो, बरं वाटतं. दोघी स्वयंपाकघरात हसत होत्या. ताईनं भाजी चिरली, डब्यांची झाकणं उघडली, आणि जाताना हिचे केस विंचरून वेणीही घातली. मी म्हटलं, लहानपण परत आलं वाटतं. ही म्हणाली, "तुला विंचरायला केस उरलेले नाहीत म्हणून जळतोस."

शाळेत हल्ली खडू फार निसरडे येतात म्हणे.

रविवार, ७ सप्टेंबर

जाड मूठ चालली! सकाळभर एकदाही फिरली नाही. हिनं एक मासा काढला, माझ्या नाकासमोर नाचवला, आणि परत सोडून दिला. "तुझ्या मुठीला नैवेद्य," म्हणाली. घरी येताना ती गाणं गुणगुणत होती. कितीतरी आठवड्यांनी.

बांधावर एक नवखा तरुण भेटला. काठी हातात घेऊन त्यानं विचारलं, "कुठं बनते ही?" प्रश्न साधा आहे, उत्तर नाही. कार्बनच्या धाग्यांचं कापड एका देशातून येतं, दोर ओवायच्या कड्या दुसऱ्या देशातून, दांडी वळतात ती नदीपलीकडच्या कारखान्यात, आणि वेष्टनावर नाव असतं ते चौथ्याच ठिकाणचं. मी हे सगळं सांगितलं. अर्धवट सांगणं मला जमत नाही.

"त्याला मासा धरायचाय," ही म्हणाली, "काठीशी सोयरीक नाही जुळवायची."

तरुण हसला आणि मूठ कोण करतं ते विचारलं. "हे. आणि हात माझा," ती म्हणाली.

शनिवार, १३ सप्टेंबर

पुन्हा फिरली. जाड केलेली मूठ. मासा लागला होता, चांगला मोठा असणार. काठी वाकली आणि तिच्या हातात आडवी झाली. तिनं डाव्या हातानं सावरली म्हणून वाचली, पण मासा दोर तोडून गेला. तिनं काठी गवतावर फेकली. काठी फेकताना मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

"नाही होत तुला नीट, तर सोडून दे ना हा उद्योग!"

एवढं बोलून बांधाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. वारा होता खरा. "चल, चहा पिऊ," म्हणाली, आणि थर्मास माझ्यापुढे धरला. "उघड."

आता शंका उरलेली नाही. माझ्या कामात काहीतरी चुकतं आहे आणि ते मला दिसत नाही, ही खरी भीती. दिसणारी चूक दुरुस्त करता येते. सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून मुठी परत मागवल्या.

रविवार, १४ सप्टेंबर

काका स्वतः काठी घेऊन आले. देणार नाही म्हणाले. "बायको आणि काठी, दोन्ही उसन्या द्यायच्या नसतात." तुमच्या देखत तपासतो म्हटलं, तेव्हा बसले. मूठ शिकंज्यात पकडून दांडीला पाना लावला आणि पिळली. मूठ हलली नाही. शेवटी काकांनीच पाना घेऊन अंगाचं सगळं वजन टाकलं. टेबल हललं.

"पटलं?"

पटलं नाही. बाकी परत आलेल्याही पक्क्या निघाल्या. म्हणजे फक्त हिच्याच काठ्यांच्या मुठी फिरतात. हिला मी नेहमी नव्यातल्या नव्या दांड्या देतो. तेव्हा दोष ताज्या मालात असणार. कारखान्यानं बुडाची जाडी बदलली असेल, वरचा लेप गुळगुळीत केला असेल. हे आधी कसं सुचलं नाही? आनंद झाला, मग आनंद झाल्याची लाज वाटली. दुसऱ्याची चूक सापडली म्हणून माणसानं इतकं हलकं होऊ नये.

हिला सांगितलं. "असेल," म्हणाली. "जाऊन ये कारखान्यात. नक्की काय ते बघून ये."

मंगळवार, १६ सप्टेंबर

हिनं शाळेतून रजा घेतली. ताईबरोबर खरेदीला गेली, दुपार उलटल्यावर आली. हातात एकही पिशवी नाही. काहीच पसंत पडलं नाही म्हणे. दोघी दमलेल्या दिसत होत्या. बटणांचे शर्ट आता जुने वाटतात, डोक्यातून घालायचे सैल कपडे घ्यायचेत, असं गेले काही दिवस तिचं चाललं आहे. ते कुठेही मिळतात. मी तसं म्हणालो तर ताई म्हणाली, "तू आपला तुझ्या बुचांकडे बघ."

शुक्रवार, १९ सप्टेंबर

कारखान्यात गेलो होतो.

आधी पाहिलं ते लिहितो. शेवटी ऐकलं ते लिहायला हात धजत नाही.

दांड्या बनताना प्रथमच पाहिल्या. काळ्या कापडाचे लांब निमुळते त्रिकोण कापतात. पोलादी सळईवर कापड इस्त्रीनं चिकटवून लाटण्यासारखं गुंडाळतात, वरून पारदर्शक फीत घट्ट आवळतात आणि माणसाहून उंच भट्टीत टांगतात. भाजून निघालं की आतली सळई यंत्रानं ओढून काढतात. ती निघताना सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो. उरते ती पोकळ दांडी. कारखाना चालवणाऱ्या बाईंनी स्वतः हिंडून दाखवलं. माझ्याच वयाच्या असतील. केसांवर काळी धूळ, बोलायला रोखठोक.

मी दोन काठ्या नेल्या होत्या, आणि पुरावा म्हणून हिचे फळीवरचे ठसेही. बाईंनी बुडाची जाडी माझ्यादेखत मोजली. होती तेवढीच. लेप तोच. मग माझी मूठ त्यांच्या यंत्रात घालून पिळली. एका ठरावीक जोराला दांडीच तडकली. मूठ जागच्या जागी.

"तुमची मूठ फिरत नाही हो," बाई म्हणाल्या. "आमची दांडी मोडली, पण ती नाही फिरली. नोकरी हवी असेल तर सांगा."

"मग काय फिरतंय?"

त्या ठसे बघत होत्या. मी ते तारखेप्रमाणे मांडले होते. त्यांनी पहिला उचलला, मग शेवटचा.

"ही वेगवेगळी माणसं ना? हा तगडा दिसतो. आणि हे म्हातारे असतील कुणी. म्हाताऱ्या माणसाला एवढं मोठं रीळ नका लावू. अंगठ्यात जोरच नाहीये."

मी सांगितलं की सगळे ठसे एकाच व्यक्तीचे आहेत.

बाईंनी ठसा खाली ठेवला, फार जपून ठेवला. म्हणाल्या, "चहा घेऊन जा."

चहा घेतला की नाही, आठवत नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

सकाळी ही शाळेत असताना तीच मेणाची लादी घेतली. गरम केली नाही. माझ्या हातानं आवळली. अंगठा नखापर्यंत आत गेला.

मेण मऊच आहे.

लोण्यासारखं मऊ. ते हातात घेऊन स्टुलावर बसून राहिलो. ही आली तेव्हाही तसाच होतो. ती दारातच थांबली. माझ्या हातातलं मेण पाहिलं आणि चप्पल न काढता आत येऊन समोर बसली.

"कळलं तर."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"माहीत काही नाही. उन्हाळ्यापासून किल्ली फिरवताना त्रास होतोय. मग खडू. मग बटणं. मंगळवारी ताईनं ओढत डॉक्टरकडे नेलं. बुधवारी सुया टोचून तपासणार आहेत. त्यांनी हात बघितला आणि एकदम गोड बोलायला लागले. तेव्हाच म्हटलं, काही खरं नाही."

तिनं उजवा हात टेबलावर उपडा ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला उंचवटा बसलेला आहे. तिथे खळगा पडला आहे. हा हात मी रोज बघतो. रोज त्याच्या मापाच्या मुठी करतो. लोकांच्या हातातला केसाएवढा फरक ओळखतो म्हणून माझं नाव आहे.

"मला का नाही सांगितलंस? मूठ फिरते म्हणालीस."

"मला खरंच वाटलं, मूठ असेल. तू इतक्या मन लावून दोष शोधत होतास. नवी मूठ केलीस तेव्हा दोन दिवस बरं वाटलं. म्हटलं, बघ, मूठच होती. तुला कारखान्यात पाठवलं तेव्हा मनात देवाला म्हटलं, दांडीत दोष निघू दे."

म्हणजे मी मूठ जाड केली आणि तो हात थोडा अधिक झाकला. हे मी तिला बोलून दाखवलं.

"सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेऊ नकोस," ती म्हणाली. "एवढा मोठा नाहीयेस तू." आणि मग रडली.

बुधवार, २४ सप्टेंबर

तपासणी झाली. सुई स्नायूत गेली की यंत्रातून खरखर ऐकू येते. ही डोळे मिटून पडली होती. मला बाहेर बसा म्हणाले, पण हिनं सांगितलं, "राहू द्या. यंत्र बघून त्यांना बरं वाटतं."

वाटलं नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. दोष हातात नाही, हाताकडे येणाऱ्या नसांत आहे. शक्यता दोन. एकीत शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. त्यावर शिरेतून द्यायचं औषध आहे आणि पुष्कळदा गुण येतो. दुसरीवर औषध नाही. ती हातापाशी थांबतही नाही. पाय, गिळणं, श्वास. दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. रक्ताचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलाय, रिपोर्टला कित्येक आठवडे लागतात आणि तोही छातीठोक नसतो.

"तोवर?" हिनं विचारलं.

तोवर पकडीवर लक्ष ठेवायचं. पकड टिकून असेल तर रिपोर्टची वाट बघू, कारण औषधाचेही धोके आहेत. पण घसरत असेल तर थांबायचं नाही, लगेच औषध सुरू. गुण आला तर पहिली शक्यता.

गुण आला नाही तर, हे ते बोलले नाहीत.

मी ठशांबद्दल सांगितलं. डॉक्टर खूष झाले. 'ठीक वाटतंय' यापेक्षा हे कितीतरी बरं म्हणाले. दर वेळी तेवढंच मेण, तेवढंच गरम, आणि खड्ड्याची खोली मोजून कळवायची. घरी येऊन लगेच पहिला ठसा घेतला. मोजायचं काम माझ्यावर.

शनिवार, २७ सप्टेंबर

ठसा घेतला. व्हर्नियरनं मोजला. पुन्हा मोजला. बुधवारच्यापेक्षा कमी.

ही स्वयंपाकघरातून ओरडली, "किती?"

"तेवढाच," मी म्हणालो.

का म्हणालो, ते स्वतःला विचारतो आहे. तिला धीर यावा म्हणून, हे सोयीचं उत्तर झालं. खरं हे की कमी म्हटलं तर औषध सुरू होणार, आणि औषध सुरू झालं की कळणार. आत्ता दोन शक्यता आहेत. दोन असेपर्यंत मी जेवू शकतो, लेथ चालवू शकतो. एकच उरली आणि ती दुसरी असली, तर मी काय करीन हे मला माहीत नाही.

मी आयुष्यात चुकीचं माप कधी सांगितलेलं नाही. हे वाक्य आता खोटं झालं.

बुधवार, १ ऑक्टोबर

आज पुन्हा कमी. पुन्हा "तेवढाच."

ही "बरं" म्हणाली. आणखी काही विचारलं नाही. मला ठसा दाखव, असंही म्हणाली नाही. तिचा माझ्यावर किती विश्वास आहे, या विचारानं जेवण गेलं नाही.

तिच्या काठीची मूठ तिच्या नकळत आणखी थोडी जाड केली. आता ती मूठ कमी आणि लाटणं जास्त दिसते.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज मेण तिच्या हातून खाली पडलं. उचलून पुन्हा दिलं. खोली मोजली, पण इथे लिहीत नाही.

ताई आली होती. अंगणात मला गाठून म्हणाली, "तू नीट मोजतोस ना रे?"

"म्हणजे काय?"

"काही नाही. काल तिच्या हातून पेला पडला. तू म्हणतोस सगळं तसंच आहे, म्हणून विचारलं."

मी चिडलो. माझ्या मोजमापावर कोणी शंका घ्यायची नाही, असं मोठ्यानं बोललो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ताई आत जाऊन हिची वेणी घालू लागली.

दिवसाढवळ्या, दार उघडं, रस्त्यावर माणसं येताहेत-जाताहेत, आणि मी आपल्याच खोलीत चोरासारखा.

सोमवार, ६ ऑक्टोबर

झालं ते असं.

सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला. त्यांची मदतनीस होती, आवाज कामातला. "पकडीची मापं नोंदवून घ्यायची आहेत. तारीख आणि आकडा सांगा."

मी तोंड उघडलं ते 'सगळं तसंच आहे' म्हणायला. पण तिनं आकडा विचारला होता. ती नोंदवून घेणार होती, त्यावर कुणीतरी आलेख काढणार होतं. आणि माझ्या तोंडून आकडे गेले. एकामागून एक, तारखेसकट, खरे. प्रयोगशाळेत इतकी वर्षं मुलांना ओरडलो आहे, वाचन जसं आलं तसं लिहा, आवडेल तसं नाही. बायकोशी खोटं बोलू शकलो. नोंदीशी नाही. याची लाज वाटावी की सुटल्यासारखं वाटावं, ते अजून ठरत नाही.

पाच मिनिटांत डॉक्टरांचा स्वतःचा फोन. "तुम्ही शनिवारीच का नाही कळवलंत? उद्या सकाळी घेऊन या. भरती करावं लागेल."

ही मागच्या पायरीवर उन्हात बसली होती, डाव्या हातानं वह्या तपासत. अक्षर लहान मुलासारखं येत होतं. मी समोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. 'तेवढाच' खोटं होतं. दोन्ही वेळा. शनिवारी तर मी काही सांगितलंच नव्हतं. उद्या दवाखान्यात जायचं आहे.

तिनं पेन खाली ठेवलं.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अरे, मी भूगोल शिकवते. डोंगर किती, दरी किती, बघून सांगते. तू लेथवर होतास तेव्हा फळीवरचे ठसे बघून आले होते. दरी बुजत चालली आहे, हे कळायला व्हर्नियर कशाला हवा?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलेपर्यंत थांबू म्हटलं." तिनं वही मिटली. "मलाही घाई नव्हती, मास्तर."

म्हणजे इतके दिवस आम्ही दोघं एकाच दारामागे लपलो होतो, एकमेकांना न सांगता. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. दोघांचेही गुडघे थरथरत होते. त्यावर तिला हसू आलं. "भूकंपाचा धडा पुढच्या आठवड्यात आहे," म्हणाली. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी इतकी भीती वाटली की पायरी घट्ट धरून ठेवली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दवाखान्यातून लिहितो आहे. दुपार. वॉर्ड पांढरा, स्वच्छ, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. औषधाची बाटली टांगली आहे, थेंब सावकाश पडतात. गुण येतो की नाही ते कळायला वेळ लागेल, दिवस म्हणा, आठवडे म्हणा. आज काही कळणार नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

ताई डबा ठेवून गेली. जाताना माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. मी तो मुकाट्यानं घेतला.

बाटली अर्धी झाली तेव्हा ही म्हणाली, "हात दे."

दिला. तिनं उजव्या हातानं माझं मनगट धरलं.

"आवळते आहे. सांग."

इथे मेण नाही, व्हर्नियर नाही. मी डोळे मिटून पाहिलं. चार बोटं जाणवली. अंगठा होता, पण त्याचा भार नव्हता. एखादं पाखरू बसावं तेवढाच.

"खरं सांगायचं हं. आता इथून पुढे रोज विचारणार आहे, आणि रोज खरं. जे असेल ते."

"शनिवारपेक्षा कमी," मी म्हणालो. "बराच कमी."

तिनं मान हलवली. बाटलीकडे बघितलं, थेंबाकडे.

"बरं," ती म्हणाली. "उद्या परत."

मनगट तिनं सोडलं नाही. मी नुसता हात मागे घेतला असता तरी सुटला असता. तो तिथेच ठेवून हे डाव्या हातानं लिहितो आहे.